दुष्काळानंतरची भाकरी



ज्या बेळ्ळंदूरमध्ये बसून मी हे लिहीत आहे, ते बंगळूर शहराच्या आग्नेयेस एका मोठ्या तलावाच्या काठी वसलेले आहे. एके काळचे हे खेडे. आज येथे संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत. सप्टेंबर २०२२ च्या पहिल्या आठवड्यात अतिवृष्टीमुळे या भागातील तलाव भरून वाहू लागले, हमरस्ता पाण्याखाली गेला आणि माणसांना ट्रॅक्टरमधून व होड्यांतून बाहेर काढावे लागले. वर्तमानपत्रांनी ती छायाचित्रे देशभर छापली. पुढे पाणी ओसरले आणि त्याबरोबर लोकांचे कुतूहलही ओसरले. परंतु पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या मजुराचे भिजलेले तांदूळ, त्याच्या मुलांची ओली पुस्तके आणि बुडालेली रोजंदारी यांची कथा खरे पाहता त्यानंतरच सुरू झाली.

त्याआधी दोन वर्षे, ३ जून २०२० रोजी, निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. ते काही तासांत पुढे निघून गेले. पण नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. नवे रोप लावून ते फळास येईपर्यंत किती वर्षे वाट पाहावी लागते, हे श्रीवर्धनच्या एखाद्या बागायतदारासच विचारावे.

वाचकहो, संकट कोसळते तेव्हा धावून जाणारे पुष्कळ असतात व त्याबद्दल देवाचे आभार मानले पाहिजेत. परंतु संकट सरल्यावर तिसऱ्या महिन्यात, दुसऱ्या वर्षी, दहाव्या वर्षी त्या माणसांच्या जवळ कोण असते? या प्रश्नाचा विचार करू लागलो की आपल्या महाराष्ट्र मंडळीतील एक नाव डोळ्यांपुढे येते, ते म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांची विद्वत्ता, त्यांचे धर्मांतर आणि त्यावरून उठलेले वादळ यांविषयी आपण अनेकदा वाचले आहे. आज या एकाच प्रश्नाच्या उजेडात त्यांच्या चरित्राकडे पाहू या.

उपाशी मुलगी

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या अरण्यात, गंगामूळ येथे झाला. हा प्रदेश आजच्या कर्नाटक राज्यात येतो. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे मोठे पंडित. स्त्रियांना संस्कृत शिकवू नये असा त्या काळचा दंडक असतानाही त्यांनी पत्नी लक्ष्मीबाई यांना ती विद्या दिली आणि त्यासाठी समाजाचा रोष पत्करला. पुढे लक्ष्मीबाईंनी आपल्या धाकट्या लेकीला शिकविले. रमाबाई अवघ्या काही महिन्यांच्या असताना या कुटुंबाने अरण्यातील आश्रम सोडला. वेताच्या पेटीत घातलेले ते तान्हे मूल एका माणसाच्या डोक्यावरून डोंगर उतरले. तेव्हापासून तीर्थयात्रा आणि पुराणकथन हेच या कुटुंबाचे जीवन झाले.

१८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळाने गाठले. पुराण ऐकण्यास कोणी येईना, दक्षिणा मिळेना. अंगावरचे दागिने गेले, तांब्यापितळेची भांडी गेली. अंगमेहनतीची सवय नव्हती आणि भीक मागण्याची लाज होती. झाडाचा पाला व रानातील फळे खाऊन या कुटुंबाने तिरुपतीजवळच्या अरण्यात कित्येक दिवस काढले. त्यातच वडील वारले. थोड्याच आठवड्यांत आईनेही अंथरूण धरले. आजारी आई खावयास मागू लागली, तेव्हा मुलगी शेजारच्या घरी भाकरीचा तुकडा मागण्यास गेली. पण दारात उभे राहिल्यावर तोंडातून शब्द फुटेना, नुसते अश्रू वाहू लागले. त्या घरच्या बाईने काय ते ओळखले आणि बाजरीची भाकरी हाती दिली. आई मात्र जगली नाही. तिरडीला खांदा देण्यास चार ब्राह्मण मिळेनात. तेव्हा भाऊ श्रीनिवास व दयेने आलेले दोन ब्राह्मण यांच्यासोबत चौथी रमा उभी राहिली. तिची उंची कमी पडली, म्हणून तिने आपल्या बाजूचा भार डोक्यावर घेतला. पाठोपाठ मोठी बहीणही गेली.

मग भाऊ आणि बहीण पायी उत्तरेकडे निघाले. पंजाबात झेलम नदीच्या काठी पांघरूण नसल्यामुळे दोघांनी वाळूत खड्डे खणले, त्यांत शिरून अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली आणि थंडीची रात्र काढली.

या गोष्टी येथे सांगितल्या त्या केवळ मन हेलावावे म्हणून सांगितल्या नाहीत. उपाशी माणसाला केवळ अन्नाची उणीव नसते. मागण्याचा शब्द घशात अडकतो, आपण कोणाचे कोणी नाही असे वाटू लागते आणि उद्याचा दिवस उगवेल यावरचा विश्वास उडतो. हे ज्ञान रमाबाईंना कोणत्याही ग्रंथातून मिळाले नव्हते. पुढे वीस वर्षांनी त्यांना तेच उपयोगी पडावयाचे होते.

मधली वीस वर्षे

१८७८ साली ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. लवकरच भाऊ वारला. बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी विवाह केला. कन्या मनोरमा हिचा जन्म झाला आणि १८८२ च्या आरंभी पतीही कॉलऱ्याने गेले. रमाबाई पुण्यास आल्या, त्यांनी आर्य महिला समाज काढला आणि १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे त्यांचा व लहानग्या मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. पुढे अमेरिकेत हिंडून त्यांनी बालविधवांच्या शिक्षणासाठी मदत गोळा केली. तेथील मित्रांनी दहा वर्षे साहाय्य करण्याचे वचन दिले आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पुढच्याच वर्षी ते पुण्यास हलविण्यात आले.

येथे एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. दहा वर्षांची मुदत केव्हा तरी संपणार, हे रमाबाईंनी आरंभीच ध्यानात घेतले होते. मदत थांबल्यावर मुलींनी काय खावे? या विचाराने त्यांनी पुण्याच्या पूर्वेस, रेल्वेमार्गावरील केडगाव येथे सुमारे शंभर एकर जमीन घेतली आणि तीत फळझाडे लावली. सदन स्वतःच्या पायांवर उभे राहावे, एवढाच तेव्हा हेतू होता. ही कोरडी जमीन लवकरच शेकडोंचे घर होणार आहे, हे कोणाला ठाऊक होते?

घरी आणणे आणि घर देणे

१८९६-९७ साली मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. रमाबाईंच्या हाती पैसा थोडा होता आणि सदनातील मुलींची जबाबदारी आधीच अंगावर होती. जावे की न जावे, हा प्रश्न साधा नव्हता. परंतु दुष्काळाच्या बातम्या वाचताना त्यांना आपले जुने दिवस आठवले आणि त्यांच्याने घरी बसवेना. त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या. तेथे भुकेपेक्षाही भयंकर गोष्ट त्यांनी पाहिली. निराधार मुलींना अन्नाचे आमिष दाखवून वाममार्गास नेणारे लोक गावोगाव हिंडत होते. रमाबाईंनी सुमारे तीनशे मुली व स्त्रिया आपल्याबरोबर आणल्या.

परंतु त्यांना ठेवावयाचे कोठे? पुण्यात प्लेग शिरला होता आणि इतक्या माणसांना शहरात ठेवण्यास अधिकाऱ्यांची परवानगी मिळेना. तेव्हा केडगावची जमीन कामी आली. आरंभी राहुट्या व तात्पुरते निवारे होते. पुढे पक्क्या इमारती उभ्या राहिल्या. या वसाहतीस मुक्ती असे नाव मिळाले.

वाचकहो, दुष्काळातून आलेली मुलगी म्हणजे नेमके काय, याची कल्पना आपणास करणे कठीण आहे. अंगाची हाडे दिसत, केसांत उवा, अंगावर फोड. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीरास अन्नही सोसत नाही; पुढ्यात ताट येऊनही कित्येक जणी दगावल्या. ज्या वाचल्या त्यांच्या मनातील भूक पोट भरल्यावरही मरत नसे. उद्या मिळेल यावर विश्वास नसलेले मूल आजची भाकरी लपवून ठेवते. त्यासाठी ते खोटे बोलते, दुसऱ्याच्या हातातील हिसकावून घेते. अशा मुलीस उपदेश करणारे पुष्कळ भेटतील. पण तिच्यापुढे ठरलेल्या वेळी रोज ताट ठेवणारा आणि कित्येक महिने तिची ती वागणूक सोसणारा विरळा. तिचा विश्वास परत येण्यास दुसरा मार्ग नव्हता.

मार्काच्या शुभवर्तमानातील याईराच्या कन्येची हकीकत आपणांस ठाऊक आहे. प्रभूने त्या मुलीस मरणातून उठविले. घरातील माणसे विस्मयाने थक्क झाली होती. त्या घटकेस प्रभूने काय सांगितले? मुलीला खावयास द्या, असे. भाषांतर करताना त्या वाक्यापाशी माझी लेखणी नेहमी थांबते. एवढ्या मोठ्या चमत्कारानंतर स्वयंपाकघराची आठवण! परंतु उठविलेले जीवन टिकते ते रोजच्या जेवणानेच. केडगावात रमाबाईंनी चालविलेले कार्य म्हणजे त्या एका वाक्याचे पालन होय, असे मला वाटते.

रोजचे दिवस

पाण्याशिवाय वसाहत कशी चालणार? केडगावचा पाऊस बेभरवशाचा. म्हणून विहिरी खोदल्या गेल्या. इसहाकाने गरार खोऱ्यात एकामागून एक विहिरी खोदल्या, त्या प्रसंगाची आठवण व्हावी असे हे काम. मग शेती आली, भाजीपाला आला, दुभती जनावरे आली. मुली दळणकांडण व स्वयंपाक करू लागल्या. कोणी हातमागावर बसली, कोणी शिवणकाम शिकली, कोणी तेलाच्या घाण्यावर तर कोणी धोबीकामावर लागली. शाळा भरू लागली. तान्ह्या मुलांसाठी आणि आजारी माणसांसाठी वेगळी सोय झाली.

ज्या पंडितेचे संस्कृत ऐकून कलकत्त्याचे विद्वान थक्क झाले होते, ती आता धान्याच्या कोठाराचा व विहिरीच्या पाण्याचा हिशेब पाहत होती. आणि एक विशेष असे की, शारदा सदनात ब्राह्मण विधवांना सोवळ्याओवळ्याचे नियम पाळण्याची मोकळीक होती. केडगावात मात्र नाना जातींच्या, नाना भाषा बोलणाऱ्या मुली एकाच पंक्तीस बसू लागल्या.

कामाकडे रमाबाई किती महत्त्वाने पाहत, यामागेही त्यांचे बालपण होते. आपले कुटुंब विद्वान असूनही उपाशी मेले, कारण हातांना काम करणे ठाऊक नव्हते, ही खंत त्यांच्या मनात होती. म्हणून मुक्तीतील प्रत्येक मुलीने अक्षरओळखीबरोबर एखादे हातचे काम शिकावे, असा त्यांचा आग्रह असे. पुढचा दुष्काळ आला तर तिच्या दारात भाकरीसाठी अश्रू ढाळत उभे राहण्याची पाळी येऊ नये.

आणि पुढचा दुष्काळ आलाच. संवत १९५६ मध्ये पडलेला, म्हणून छप्पनचा दुष्काळ या नावाने गुजरात-राजस्थानात आजही आठवला जाणारा हा काळ म्हणजे १८९९-१९०० ही वर्षे. मुक्तीची माणसे गुजरातेत गेली आणि मुलींचे तांडेच्या तांडे केडगावास येऊ लागले. वसाहतीची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. या वेळी एक निराळे दृश्य दिसले. १८९७ साली जिला उचलून आणावे लागले होते, ती मुलगी आता नव्याने आलेल्या मुलीस न्हाऊ घालीत होती, भरवीत होती, रात्री तिच्या उशाशी बसत होती. माझ्या मते रमाबाईंच्या कार्याची खरी कसोटी येथे लागली व ते तीत उतरले. जो वाचला तो दुसऱ्यास वाचवू लागला, म्हणजे गाव पुन्हा वसले असे समजावे.

हळूहळू सदनांची संख्या वाढली. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन, वृद्धांसाठी प्रीती सदन अशी त्यांची नावे होती. अंध मुलींसाठीही वेगळी व्यवस्था झाली. मनोरमाबाई ब्रेल लिपी शिकल्या आणि ती त्यांनी या मुलींना शिकविली. ज्यांना जगाने ओझे मानले, त्यांच्या हातांनाही मुक्तीत काम व मान होता.

हे सर्व निर्विघ्नपणे पार पडले असे नाही. दुष्काळाचा फायदा घेऊन मुलींना ख्रिस्ती केले जाते, असा आरोप रमाबाईंवर झाला. मुक्ती ही ख्रिस्ती संस्था आहे हे त्यांनी कधी लपविले नाही. आपल्या श्रद्धेविषयी त्या उघडपणे बोलत. त्यांच्या मताशी न जुळणारे वाचक तेव्हाही होते, आजही असतील. परंतु त्या मुलींना त्या घटकेस दुसरे कोणते दार उघडे होते, हा प्रश्न टीकाकारांनीही स्वतःस विचारावयास हवा. दुसरीकडे, सरकारची मर्जी राखण्यासाठी गप्प बसणेही रमाबाईंना मान्य नव्हते. पुण्यातील प्लेगच्या इस्पितळात स्त्रियांची होणारी हेळसांड पाहून त्यांनी १८९७ साली वृत्तपत्रातून जाहीर तक्रार केली आणि तो विषय लंडनच्या पार्लमेंटपर्यंत गेला.

शब्दांची भाकरी

आता माझ्या व्यवसायाच्या जिव्हाळ्याची गोष्ट सांगतो. मराठी पवित्र शास्त्र त्या काळी उपलब्ध होते. परंतु त्याची भाषा सामान्य स्त्रीस जड जाते, असे रमाबाईंना वाटे. चाळिशी उलटल्यावर त्यांनी मूळ इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि सुमारे अठरा वर्षे एकहाती भाषांतर केले. ज्यांचे पांडित्य संस्कृतात मुरलेले, त्यांनीच आपल्या वाक्यांतून संस्कृताचे ओझे उतरविण्याचा प्रयत्न केला. वाचणारी बाई कोण, हे त्यांच्या डोळ्यांपुढे सतत होते. ती त्यांच्याच अंगणात धान्य निवडत बसलेली होती.

हे भाषांतर छापले कोणी? मुक्तीच्याच छापखान्यात, मुक्तीच्याच मुलींनी. खिळे जुळविणे, मुद्रिते काढणे, कागद घडी करणे ही सर्व कामे त्या करीत. विचार करा: ज्या हातांनी एके काळी रस्त्याच्या कडेचे दाणे वेचले, तेच हात आता उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंतची अक्षरे वेचून ओळी जुळवीत होते. भाषांतराचे शेकडो प्रकल्प जगात झाले आहेत. परंतु दुष्काळातून वाचलेल्या स्त्रियांनी आपल्यासारख्याच स्त्रियांसाठी छापलेले असे दुसरे पवित्र शास्त्र मला ठाऊक नाही.

१९१९ साली सरकारने रमाबाईंना कैसर-ए-हिंद हे सुवर्णपदक दिले. परंतु शेवटची वर्षे दुःखाची गेली. जिच्या हाती सर्व सोपवावयाचे, ती मनोरमा २४ जुलै १९२१ रोजी आईच्या आधीच प्रभूकडे गेली. वाळूतील खड्ड्यात सोबतीला भाऊ तरी होता. आता जवळचे रक्ताचे कोणी उरले नाही. तरीही मुद्रिते तपासण्याचे काम त्यांनी थांबविले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी डोळे मिटले. संपूर्ण पवित्र शास्त्र १९२४ साली प्रसिद्ध झाले. ते त्यांनी बांधलेल्या स्वरूपात हाती घेतले नाही. पण ते घेणारे शेकडो हात त्यांनी घडविले होते. केडगावचे मुक्ती मिशन आजही चालू आहे.

आपणासाठी

वाचकहो, आपल्या मंडळ्या संकटकाळी दानपेटी फिरवितात, जुने कपडे गोळा करतात, एखादा टेम्पो भरून पाठवितात. हे चांगलेच आहे. ते चालू राहावे. परंतु रमाबाईंचे चरित्र आपणास याच्या पुढचा प्रश्न विचारते. टेम्पो परत आल्यावर आपण त्या गावाचे नाव विसरलो का? वाहून गेलेल्या घरातील मुलीची शाळेची फी दुसऱ्या वर्षी कोण भरते? पतीचे छत्र हरपलेल्या बाईस शिवणयंत्र दिले, तर तिने शिवलेले कपडे विकत कोण घेते? आणि आपण ज्यांना मदत केली, त्यांना कायम हात पसरणारे समजतो, की उद्या ते आपल्याही उशाशी बसतील अशी अपेक्षा ठेवतो?

यासाठी शंभर एकर जमीन लागत नाही. एका मंडळीने एक कुटुंब निवडावे आणि पाच वर्षे त्याची साथ सोडू नये. दर महिन्यास कोणी तरी त्या घरी जाऊन बसावे. मुलांची नावे लक्षात ठेवावी. रमाबाईंच्या केडगावची सुरुवातही थोड्या फळझाडांपासून झाली होती.

बेळ्ळंदूरच्या तलावाकाठी पाऊस दरवर्षी येतो. ढग दाटून आले की आम्ही आता आकाशाकडे थोड्या धास्तीने पाहतो. पण तेव्हा मला त्या दारात उभ्या असलेल्या मुलीचीही आठवण होते, जिला भाकरी मागता आली नाही; आणि त्या अनोळखी बाईचीही, जिने न मागता ती दिली. त्या बाईचे नाव इतिहासास ठाऊक नाही. तिच्या एका भाकरीचे देणे मात्र रमाबाईंनी आयुष्यभर, दोन दोन हजार ताटे वाढून, फेडले. आपणही अशा कोणाच्या तरी भाकरीचे देणेकरी आहोत, याचे स्मरण प्रभू आपणांस देवो.